एका घरातले तिघे

मॉन्ट्रोज
३ नोव्हेंबर १९३६

मर्डो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र उघडणारच नाहीस, ते तुझी बायको नान उघडेल. म्हणून आधीच सांगून टाकते, कुणीही वारलेलं नाही. दहा वर्षांनी घरचं पत्र आलं की माणूस आधी तेच धरून चालतो. बाबा धडधाकट आहेत. सकाळी मिठाची ओटची पेज खातात आणि तीत साखर घालणाऱ्याला अजून इंग्रज म्हणतात. मीही बरी आहे. एक दाढ काढली, पण ती हसल्याशिवाय दिसत नाही आणि हसण्याचे प्रसंग आमच्याकडे बेताचेच.

तुझा कोश इथे पोचला. बाजारात आलेला प्रत्येक कोश बाबा विकत घेतात आणि जेवण झालं की भिंग घेऊन पहिल्या पानापासून वाचायला बसतात, हे तुला सांगायला नको. तुझाही घेतला. 'ए'पासून पुढे बरेच दिवस ते काही बोलले नाहीत. एकदा फक्त 'हं' म्हणाले. त्यांचं 'हं' म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे, दुसऱ्या घरात त्याला टाळ्या म्हणतात. मी मागून डोकावले. 'ई'मधलं 'ओहोटी'चं पान होतं. "समुद्र थोडा वेळ आपल्या घरी जातो ती." पोरांच्या कोशाला शोभेलसं आहे. बाबांच्या कोशात चंद्र, गुरुत्वाकर्षण आणि दोन अर्धविराम आहेत.

मग ते 'एच'ला आले आणि हसले. मोठ्यांदा. मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"सापडला गं एफी! चोर सापडला!"

त्यांचं बोट 'हॅवलिन'वर होतं.

आता पुढचं मी नानसाठी लिहिते, कारण तू तिला हे सांगितलं असशील असं मला वाटत नाही. नान, आमच्या घरी कोशाच्या प्रत्येक आवृत्तीत एक खोटा शब्द घालतात. आम्ही त्याला राखणदार म्हणतो. शब्द असा की जो जगात कुठेच नाही, आणि अर्थ असा की कुणाला शंका येऊ नये. तो दुसऱ्याच्या कोशात दिसला की समजायचं, यांनी आपल्या शेतात रात्री गुरं घातली. आमची आई गेली त्या वर्षी बाबांनी राखणदार केला 'हॅवलिन'. भूशास्त्र: सुऱ्यांना धार लावण्यासाठी वापरला जाणारा मऊ करडा दगड. असा दगड कुठेही नाही. पण शब्द होता. तो आईचा होता. बर्फ पडायच्या आधी मुलं उगाचच एकमेकांच्या अंगावर येतात, कारण नसताना झिंज्या उपटतात, ती चिडचिड म्हणजे हॅवलिन. मी आणि मर्डो भांडायला लागलो की ती खिडकीशी जायची आणि म्हणायची, "आज हॅवलिन आहे, कपडे आत घ्या." आणि बर्फ पडायचा.

राखणदाराचं कळल्यावर मर्डो बाबांना काय म्हणाला, ते मी जिन्यातून ऐकलं. "तिला पुरून महिना झाला नाही आणि तिचा शब्द तुम्ही कुत्र्यासारखा दाराशी बांधलात." त्याच दुपारी त्याने ग्लासगोची गाडी धरली.

आणि आता तुझ्या कोशात, मर्डो, तिचाच अर्थ. "बर्फ पडण्याआधी घरातल्या मुलांना येणारा राग, तो कुणावरच नसतो." शेवटचं वाक्य आईचं नाही, तुझं आहे. ते वाचून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ताटल्या पुसत राहिले.

बाबा अर्थाकडे बघायलाच तयार नाहीत. म्हणतात, "चोरलेल्या गाईचं नाव बदललं म्हणून ती काय वेगळं दूध देते?" गुरुवारी वकिलाकडे जाणार आहेत. तू त्यांना चार ओळी लिही. माफी मागू नकोस, मी म्हणतच नाही. एवढंच लिही की शब्द आईचा आहे. हे पत्र मी त्यांच्या सांगण्यावरून लिहीत नाही, हे तुला पटेल अशी आशा करते.

एफी

मॉन्ट्रोज
३० नोव्हेंबर १९३६

मर्डो,

तुझं उत्तर नाही. वकिलाची नोटीस मात्र तुला मिळाली असेल, तिला उत्तर न देऊन चालत नाही.

बाबांचे वकील लेकी इथे जेवायला आले होते. मटणाचं सूप दोनदा घेतलं आणि तिसऱ्यांदा 'नको' म्हणताना वाडगा पुढे केला. म्हणाले, कोशात मिळतेजुळते अर्थ निघणारच, पाण्याला पाणीच म्हणावं लागतं, त्यावर कोर्ट काही ऐकत नाही. पण तुझ्या कोशातले पुष्कळ अर्थ आमच्या कोशातल्यासारखे आहेत. ते असणारच, कारण ते आमच्यासाठी तूच लिहिले होतेस. मी हे बोलले. लेकी हसले. "बाई, पगार घेऊन लिहिलेलं मालकाचं. तरी तो म्हणू शकतो की मी पुन्हा माझ्या डोक्यातून लिहिलं. पण हा एक शब्द तुमच्या पुस्तकाखेरीज पृथ्वीवर कुठेच नाही. तो त्याने इथूनच उचलला, म्हणजे बाकीचंही इथूनच उचललं." एका शब्दावर सगळा डोलारा आहे. 'हॅवलिन' बाबांचा ठरला तर तुझा कोश गेला, आणि लेकी म्हणतात, तुझा छापखानाही जाईल. आईचा ठरला तर तुझ्या केसालाही धक्का नाही, कारण बोलीतला शब्द कुणाच्या मालकीचा नसतो.

मी आत जाऊन छपाईची जुनी प्रूफं बघितली. 'पाणी'ची निघाली. बाबांनी लिहिलं होतं, "रंग, वास व चव नसलेला द्रव." आणि समासात तुझं बाविसाव्या वर्षीचं मांजरपावली अक्षर: "तहान लागली नसेल तर." बाबांनी ते खोडलं होतं. पण दोन रेघांनी खोडलं होतं, एरवी ते एकच मारतात. मला वाटतं ते त्यांना आवडलं होतं.

रागावून उपयोग नाही, डोकं चालवायला हवं. आपल्या घराचा नियम तुला पाठ आहे. शब्द तेव्हाच शब्द, जेव्हा तो तीन माणसांच्या तोंडी सापडतो, आणि ती तीन माणसं तीन घरांतली हवीत. एका घरातले कितीही असले तरी एकच. तुला तो फोर्फरचा पाद्री आठवतो? साबणाची कपची उरते तिला त्यांच्याकडे एक शब्द होता, बायको आणि सहा मुली सगळ्या तोच वापरायच्या. सात सह्या पाठवल्या होत्या बिचाऱ्याने. मी उत्तर लिहिलं, "सात सह्यांबद्दल आभार, घर एकच." त्यावर तू हसून खुर्चीवरून पडला होतास. आता तो पाद्री आपण आहोत.

पण आई काही आभाळातून पडली नव्हती. ती ऑर्कनीची. तिच्या बेटावर हा शब्द कुणीतरी बोलत असणारच. दोन म्हातारी माणसं मिळाली तरी पुरे, तिसरी मी. नवं वर्ष झालं की मी जाते. बाबांना इंगामावशीची तब्येत बघायला जाते म्हणून सांगेन. ते खोटं नाही, जाऊन तब्येतही बघेन.

एफी

ऑर्कनी, इंगामावशीच्या घरून
१४ जानेवारी १९३७

मर्डो,

बोटीत मला इतकी मळमळ झाली की 'समुद्र लागणे' या शब्दाचा माझा अर्थ आता नव्याने लिहायला हवा. जुना अर्थ मी कोरड्या जमिनीवर लिहिला होता.

मावशी ठणठणीत आहे. दारातच म्हणाली, "ये, केवढी वाळलीस! तुझा बाप तुला शब्दच खायला घालतो वाटतं." पुढ्यात वाटीभर मासळीचं कालवण आणि जवाची भाकरी ठेवली आणि खाऊन होईपर्यंत एक अक्षर बोलू दिलं नाही. मग मी विचारलं. हॅवलिन.

ती विचार करत राहिली. मला ते थांबणं आवडलं, आठवत असेल असं वाटलं.

"नाही गं."

"बर्फाआधी पोरं भांडतात ते, मावशी. आई रोज म्हणायची."

"पोरं तर बर्फाआधीही भांडतात आणि नंतरही. त्याला आम्ही भांडणंच म्हणतो." मग तिने माझ्या हातावर हात ठेवला. "एफी, तुझी आई शब्द करायची. लहानपणापासूनच. आम्ही कोंबड्यांना नावं द्यायचो, ही पावसाला द्यायची. गोठ्यात एकटी बसून बडबडायची, आमची म्हातारी म्हणायची, या पोरीचं लग्न बोलक्या माणसाशी करा." मावशी हसली. "आणि केलं कुणाशी?"

तरी मी ऐकलं नाही. बेटावरचं एकही घर सोडलं नाही. शाळामास्तरांनी फळ्यावर शब्द लिहून सगळ्या वर्गाला घरी विचारून यायला सांगितलं. वरच्या टोकाला एक फार म्हातारी बाई आहे, तिला आईचं बाळपण आठवतं, तिच्या कानाशी ओरडून विचारलं. तिने मला उलट दुसरे अकरा शब्द सांगितले, सगळे पक्के, सगळे आमच्या कोशात नसलेले. एरवी मी आनंदाने उड्या मारल्या असत्या. हा एक शब्द तिला माहीत नव्हता.

शेवटी धक्क्यावर मॅग्नस नावाचा एक कोळी भेटला. मी शब्द आणि अर्थ सांगितला. त्याने डोळा मारला. "बाटली मिळणार असेल तर माझा आजाही हा शब्द म्हणायचा. दोन मिळणार असतील तर माझं कुत्रंही म्हणायचं. कुठं येऊन सांगायचं बोला."

मर्डो, तो आला असता. त्याचा शेजारीही आला असता. दोन बाटल्यांत तुझा छापखाना वाचला असता. मी धक्क्यावर उभी राहिले आणि सरळ विचार केला, करावं. मग मला दिसलं की एडिनबराच्या कोर्टात बाबा समोर बसले आहेत, मॅग्नस शपथेवर आईच्या तोंडचा शब्द दारूच्या तोंडाने म्हणतो आहे, आणि मी मान डोलावते आहे. माझ्याने होईना. तुला राग येईल. तू असतास तर तूही केलं नसतंस, असं मला वाटतं. पण हे मी माझ्या सोयीसाठी म्हणत असेन.

म्हणजे शब्द आईनेच केला होता, आणि तो तिघांनीच बोलला. ती, तू आणि मी.

उद्या परतीची बोट. वारा आहे.

एफी

मॉन्ट्रोज
२० फेब्रुवारी १९३७

मर्डो,

नानचं पत्र आलं. तिचं अक्षर सुरेख आहे, आणि ती फिरवून बोलत नाही. लिहिते, "आमच्याकडे दुसरा साक्षीदार नाही. वकील तुम्हाला बोलावणार आहेत. मर्डोला मी विचारलं, ती येईल का? तो म्हणाला, एफी खरं तेच सांगेल. आणि पुन्हा टाइप जुळवायला गेला." दहा वर्षांत माझ्याबद्दल तू बोललेलं एवढंच वाक्य माझ्या कानावर आलं. मी ते आता पाठ केलं आहे, म्हणून चिठ्ठी जवळ बाळगावी लागत नाही.

मी येईन. आईचा शब्द होता, मी माझ्या कानांनी ऐकला, तू ऐकलास, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना दुसरं काय हवं? खरं बोलणाऱ्या एका बाईचं ऐकतील की नाही?

बाबांना समन्सचं कळलं आहे. आज सकाळी पेज खाताना म्हणाले, "तुला त्याच्या बाजूने बोलावलंय म्हणे."

"हो."

"कोर्टात थंडी असते. लोकरी स्कार्फ ने." मग मिठाची कुपी माझ्याकडे सरकवली. "खरं बोल म्हणजे झालं."

त्यांना भीती नाही, मर्डो. मला भीती याचीच वाटते. मी त्यांना सरळ विचारू शकले असते, बाबा, शब्द आईचा होता हे तुम्हाला ठाऊक आहे ना? पण 'हो' म्हणाले तर ते कोर्टात खोटं बोलणार हे मला आधीच कळलं असतं, आणि मग रोज त्यांच्यासमोर बसून जेवायचं कसं? मी विचारलं नाही. 'पी'चे शब्द तपासत बसले. 'पक्षाघात', 'परागकण', 'पेन्शन', 'पश्चात्ताप', 'पॉरिज'. असे हे शब्द एका रांगेत शेजारी बसलेले असतात, जणू एकाच वस्तीतले, आणि कुणाचं कुणाशी काही नातं नसतं.

तू मागच्या बाकावर बस. मला दिसशील असा.

एफी

मॉन्ट्रोज
१८ मार्च १९३७

मर्डो,

एडिनबराला निळी हॅट घालून आले होते. ती तुला आवडायची नाही हे तिथे पोचल्यावर आठवलं. स्टेशनवरचा चहा पाणचट. बाबांच्या बुटाची नाडी वाटेत तुटली. असं सगळं मी लिहू शकते, आणखी पानभर लिहू शकते.

तू तिथे होतास. तू सगळं ऐकलंस. पण तू मागे बसला होतास, बाबांचा चेहरा तुला दिसला नाही. तो मला दिसला, म्हणून लिहिते.

ते पिंजऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "हा शब्द मी केला. बायको गेली त्या हिवाळ्यात. एका संध्याकाळी तो आपोआप सुचला. माझ्या सगळ्या राखणदारांत मला तो सर्वांत सरस वाटतो, कारण तो ऐकताना खोटा वाटत नाही." मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, मर्डो, खोटेपणा शोधत होते. सापडावा म्हणून मनातल्या मनात हात जोडत होते. नव्हता. त्यांना ठाऊकच नाही. तू जाताना बोललास ते त्यांनी रागातलं बोलणं समजून सोडून दिलं असणार. वर्षानुवर्षं ती खिडकीशी उभी राहून तो शब्द म्हणाली, आणि तो त्यांच्या कानावरून गेला, आणि ती गेल्यावर कुठून तरी वर आला तेव्हा त्यांना वाटलं, आपल्याला सुचला. तू त्यांना निर्दय म्हणून घर सोडलंस. निर्दय माणूस निदान ऐकतो तरी.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी तशीच उठले. डोकं ठिकाणावर नव्हतं. ही सबब नाही.

तुझ्या वकिलाने विचारलं ते मी नीट सांगितलं, तू ऐकलंस. आई, खिडकी, कपडे आत घ्या. न्यायाधीश लिहीत होते. एकदा हसलेही, त्यांनाही मुलं असतील. मला वाटलं, झालं, तरलो. मग लेकी उठले, अगदी जेवायला आल्यासारखे.

"बाई, घराबाहेर कुणाच्या तोंडी हा शब्द ऐकलात?"

"नाही."

"शोधलात?"

"शोधला. आईच्या बेटावर घरोघर जाऊन."

"कुणालाच ठाऊक नव्हता?"

"नाही."

"या कामात तुम्ही माझ्या वयाइतकी वर्षं आहात असं म्हणतात, क्षमा करा, अर्ध्या वयाइतकी. शब्द कोणता आणि कोणता नाही, हे स्कॉटलंडात तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. उद्या कुणा पाद्र्याने तुमच्याकडे असा शब्द पाठवला. एकाच घरात बोललेला. करणारी वारलेली. दुसरं घर नाही. तुमच्या नियमाने तो शब्द आहे का?"

आणि मी म्हणाले, "नाही."

विचार केला नाही. टेबलावर कागद आला की हात जसा जातो तसं तोंड गेलं. वीस वर्षं रोज मी तेच उत्तर दिलं आहे, बायकांना, मास्तरांना, पाद्र्यांना, आणि प्रत्येक वेळी ते बरोबर होतं. तेव्हाही बरोबर होतं. दुसरी कुणीही बहीण असती, मासळी विकणारी, शिवणकाम करणारी, तर ती ओरडली असती, "नियम घाला चुलीत, माझ्या आईचा शब्द आहे!" मी नियमाने उत्तर दिलं. पुढे 'पण' म्हणायचं होतं. 'पण' जिभेवर होता. लेकी 'आभारी आहे' म्हणून खाली बसले होते. तुझ्या वकिलाने उठून पुन्हा विचारलं, मी पुन्हा सगळं सांगितलं, पण न्यायाधीशांची लेखणी तोवर थांबली होती. शब्द बाबांचा ठरला.

मी वळून बघितलं तेव्हा तुझा बाक रिकामा होता. नान तेवढी बसली होती, हातमोजे हातात धरून. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

परतीच्या गाडीत बाबा माझ्या समोर बसले होते. डंडीचा पूल गेल्यावर म्हणाले, "ती खरंच म्हणायची का गं तो शब्द?"

"हो, बाबा."

"केव्हा?"

"बर्फ पडायच्या आधी. दर वेळी."

"मी घरात असायचो?"

"असायचात. वरच्या खोलीत."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "मला बर्फाचं वायुभारमापकावरून कळायचं," म्हणाले. एवढं म्हणून त्यांनी रुमाल काढला आणि भिंग पुसलं, खूप वेळ पुसलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. आता म्हणतील, गाडी थांबवा, परत जाऊ, त्या न्यायाधीशाला सांगू.

"पण निकाल बरोबर आहे," ते म्हणाले. "एक घर म्हणजे एकच."

मी कोणत्या तोंडाने बोलणार होते? त्यांच्याआधी तेच मी म्हटलं होतं, आणि ते शपथेवर.

तू माझ्यावर ओरड. चार शिव्या घालणारं पत्र लिही. मी ते जपून ठेवीन.

एफी

मॉन्ट्रोज
२२ मे १९३७

मर्डो,

हे पत्र बोटीच्या कचेरीच्या पत्त्यावर टाकते आहे. तुम्ही कॅनडाला निघालात हे मला नानच्या भावाकडून कळलं; मी ग्लासगोला आले होते. दारावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं आणि खालच्या मजल्यावर, तुझी यंत्रं होती तिथे, एक माणूस सायकली दुरुस्त करत होता. त्याने मला पाणी दिलं. मी ते उभ्याउभ्या प्यायले आणि परत आले.

कोर्टाच्या हुकमाप्रमाणे तुझ्या उरलेल्या प्रती इथे आल्या. त्या नष्ट करायच्या आहेत, आणि त्या नष्ट झाल्या हे आपल्या घरातल्या कुणीतरी सही करून कळवायचं आहे. बाबांच्या हातांना आता पुठ्ठा कापवत नाही. अंगणातल्या छपराखाली मी बसते, सुरीने पाठ चिरते, पानं वेगळी करते, गठ्ठे बांधते. लगद्याच्या गिरणीची गाडी आठवड्यातून एकदा येते.

एक गोष्ट सांगते आणि मग पत्र संपवते. तुझा कोश मी आतापर्यंत वाचलाच नव्हता. बाबांच्या खांद्यावरून चार शब्द बघितले होते तेवढेच. आता कापता कापता वाचते आहे. फार चांगला आहे रे. आमच्यापेक्षा चांगला आहे. तू अर्थ देऊन थांबत नाहीस, प्रत्येक शब्दाखाली एक वाक्य देतोस, कुणाच्याही घरातलं वाटावं असं. 'बाष्पीभवन'खाली, "दोरीवरचे कपडे वाळले, पाणी कुठे गेलं?" 'चुंबक'खाली, "आजीच्या सुया याने सापडतात." 'भूक'खाली फक्त, "अजून आहे का?" आम्ही इतकी वर्षं शब्दांची हाडं मोजली आणि तू त्यांना जेवायला वाढलंस. गिरणीतून सुटून रात्रशाळेत बसणाऱ्या माणसाच्या हाती हे पुस्तक पडायला हवं होतं. आता पडणार नाही. आणि हे बाबांनाही कळलं आहे, कारण त्यांची प्रत अजून त्यांच्या उशाशी आहे, आणि मी ती मागितली नाही आणि त्यांनी दिली नाही.

काल 'एस'पर्यंत आले. 'शुअर'चा अर्थ आमच्याकडे बाबांनी लिहिला आहे, त्यात 'निःसंशय' आहे, 'निश्चित' आहे, आणि तर्कशास्त्रातला एक उपअर्थ आहे. तू लिहिलंस, "विचारून बघायची गरज न वाटणे." आणि खाली वाक्य:

"माझी बहीण माझ्या बाजूने बोलेल."

हे तू गेल्या वर्षी छापलंस. नोटिशीच्या आधी, नानच्या पत्राच्या आधी, मी दहा वर्षांत तुला एक ओळही लिहिली नव्हती तेव्हा.

मी सुरी खाली ठेवली. मग बाबांनी खिडकीतून विचारलं, "झालं का गं?"

"होत आलं," मी म्हटलं.

एकही प्रत ठेवायची नाही असं हुकमात लिहिलं आहे. मी त्या प्रतीची पाठ चिरली, पानं मोकळी केली आणि तीही गठ्ठ्यात बांधली. सही आज केली.

एफी